कुपा कुठे फिरतो, आणि तिथे पाणी किती गार असतं?

खोल समुद्रातल्या माशांचा प्रवास कसा टिपतात, त्यांना कोणतं तापमान मानवतं हे कसं ठरवतात, याबद्दल सातारा-सांगली भागातून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ट्यूनाला सरसकट 'कुपा' म्हटलं आहे. बाजारात 'गेदर' म्हणून येतो तोही याच कुळातला.

प्र. गुहागरला टॅग लावलेली 'बागेश्री' कासवी कुठवर पोचली, हे २०२३ साली आमची मुलं नकाशावर पाहत होती. तसाच टॅग कुप्याला लावला तर तो का दिसत नाही? — विज्ञान शिक्षक, कराड

उ. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, कुप्याला नाही. सगळी गोम इथे आहे. उपग्रहाशी बोलणाऱ्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या की काही सेंटिमीटरांतच विरून जातात. म्हणून पाण्याखालून संदेश पाठवता येत नाही आणि जीपीएसही ऐकू येत नाही. कासवाच्या पाठीवर इपॉक्सीने बसवलेल्या टॅगला धातूचे दोन बिंदू असतात. दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडालेले असले की त्यांच्यामधून वीज वाहते आणि टॅग गप्प बसतो. पाठ वर आली की वीज तुटते आणि टॅग लगेच संदेश सोडतो. पाठीवरचा पर पाण्याबाहेर काढून पोहणाऱ्या शार्कलाही हीच युक्ती चालते.

कुप्यासाठी वापरतात तो पॉप-अप टॅग. आकार छोट्या माइकसारखा: एका टोकाला फुगीर तरंगता भाग, त्यातून निघालेली अँटेना. वजन साधारण ६० ग्रॅम, अँटेना सोडून लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास. टायटॅनियमची किंवा नायलॉनची बारीक आकडी पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या मुळाशी, काट्यांच्या आधाराला अडकेल अशी खुपसतात आणि वीतभर दोरीने टॅग मागे ओढला जातो. टॅग दर काही सेकंदांनी तीन गोष्टी नोंदवतो: पाण्याचा दाब (त्यावरून खोली), तापमान आणि उजेड. ठरवून दिलेल्या दिवशी, समजा १८० दिवसांनी, टॅग दोरी धरून ठेवणाऱ्या धातूच्या पिनेतून थोडी वीज सोडतो. खाऱ्या पाण्यात ती पीन झपाट्याने गंजून तुटते, टॅग वर येतो, तरंगतो आणि मग उपग्रहाला हाक मारू लागतो.

म्हणजे सहा महिने शुकशुकाट आणि मग एकदम हिशेब. तोही पुरता नाही. दर ५ सेकंदांनी एक नोंद धरली तर दिवसाच्या १७,२८० होतात. १८० दिवसांच्या ३१ लाखांवर, आणि गुणिले तीन राशी. आर्गोस उपग्रहयंत्रणेचा एक संदेश मात्र जास्तीत जास्त ३२ बाइटचा. उपग्रह ८५० किलोमीटरच्या आसपास उंचीवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात आणि एका फेरीत आपल्या माथ्यावर दहा-बारा मिनिटंच असतात. बॅटरीही थोड्याच दिवसांची. म्हणून टॅग आतल्या आत गोषवारा तयार करतो आणि तेवढाच पाठवतो. पूर्ण नोंद हवी असेल तर टॅगच हातात यावा लागतो. त्यासाठीच त्यावर बक्षिसाचा मजकूर छापतात.

जाता जाता: हे संदेश ऐकणाऱ्या यंत्रांपैकी दोन आपल्या उपग्रहांवर आहेत. इस्रोने २५ फेब्रुवारी २०१३ रोजी सोडलेल्या 'सरल'वर एक, आणि नोव्हेंबर २०२२ मधल्या ईओएस-०६ वर दुसरं.

प्र. जीपीएस नाही, तर नुसता उजेड मोजून जागा कशी काढतात? साताऱ्यात बसून हे करून पाहता येईल का? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सातारा

उ. येईल, आणि करून पाहाच. छापलेल्या नकाशावरच्या त्या ठसठशीत रेघेवर किती विश्वास ठेवायचा, हे त्याशिवाय कळत नाही.

तत्त्व जुनं आहे. उगवती आणि मावळती यांच्या बरोबर मधला क्षण म्हणजे स्थानिक मध्यान्ह; त्यावरून रेखांश निघतो. उगवतीपासून मावळतीपर्यंतचा काळ म्हणजे दिनमान. त्यावरून अक्षांश निघतो. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, सातारा ७४ अंशांवर. फरक साडेआठ अंशांचा, म्हणजे ३४ मिनिटांचा. त्यामुळे साताऱ्यात सूर्य माथ्यावरची रेषा ओलांडतो तो घड्याळात १२ वाजून ३४ मिनिटांनी. सांगली अर्ध्या अंशाहून थोडी अधिक पूर्वेला, तिथे हे दोनेक मिनिटं आधी होतं. हा आकडा १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास जसाच्या तसा लागू पडतो. एरवी सूर्यघड्याळ आणि मनगटी घड्याळ यांतला फरक मिळवावा लागतो: फेब्रुवारीच्या मध्याला मध्यान्ह १४ मिनिटं उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं लवकर. पंचांगात किंवा खगोलाच्या तक्त्यात हा फरक मिळतो.

जोडणी अशी. साधा एलडीआर (उजेड पडेल तसा विजेला होणारा विरोध बदलणारा सुटा भाग) आणि १० किलोओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडून मधल्या बिंदूचं व्होल्टेज आर्डुइनोने (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने) दर मिनिटाला नोंदवायचं. वेळेसाठी आरटीसी मॉड्यूल, म्हणजे वेगळं घड्याळ, लावा. आर्डुइनोचं स्वतःचं घड्याळ भरवशाचं नाही, दिवसाला काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत घसरतं. एलडीआरवर पिंगपाँगच्या चेंडूचा अर्धा भाग पालथा घाला, म्हणजे एकाच दिशेचा झोत न मोजता सगळ्या आभाळाचा उजेड मोजला जाईल. सकाळी उजेड एका ठरावीक पातळीला कधी चढला आणि संध्याकाळी त्याच पातळीला कधी उतरला, ते काढा. पातळी संधिप्रकाशातली निवडा: तेव्हा उजेड इतक्या वेगाने बदलतो की ढगांमुळे पडणारा फरक काही मिनिटांपुरताच राहतो. दुपारच्या उजेडात एक ढग सगळं उधळून लावतो. रस्त्यावरचा दिवा मात्र दूर हवा.

आता चूक कुठे होते ते पाहा. एलडीआर न वापरता, सूर्य डोळ्यांआड कधी झाला एवढंच पाहिलं, आणि यवतेश्वरच्या डोंगरामुळे तो ८ मिनिटं आधीच दिसेनासा झाला असं धरू. मध्यबिंदू ४ मिनिटं अलीकडे सरकला, म्हणजे सातारा १ अंश पूर्वेला गेला. दिनमानही ८ मिनिटांनी कमी भरलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात (आभाळ मोकळं मिळालं तर) आपल्या अक्षांशावर दर अंशाला दिनमान पावणेचार मिनिटांनी बदलतं, म्हणून आपण २ अंशांहून थोडे अधिक दक्षिणेला उतरलो. हिशेबात सातारा धारवाडला जाऊन बसला! हीच चूक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केली तर उलट उत्तरेला, गंगापूर-वैजापूरकडे. आणि २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास? तेव्हा पृथ्वीवर सगळीकडे दिनमान जवळपास सारखंच, त्यामुळे दिनमानावरून अक्षांश निघतच नाही.

समुद्रात डोंगर नाही, पण मासा स्वतःच डोंगराचं काम करतो. मोठ्या डोळ्यांचा कुपा (बिगआय) आणि तलवार मासा नेमके पहाटे खाली जातात आणि तिन्हीसांजेला वर येतात, म्हणजे उगवती-मावळती दोन्ही झाकतात. खोलीची नोंद असल्यामुळे पाण्याने किती उजेड गिळला याचा हिशेब करता येतो, पण तो गढूळ आणि नितळ पाण्यात वेगळा. त्यावर उपाय म्हणून टॅगने मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान उपग्रहाच्या तापमान-नकाशाशी जुळवतात. टॅगने ८०० मीटर खोली नोंदवली असेल तर जिथे तळच ३०० मीटरवर आहे ती जागा बाद करतात. आणि एका दिवसात मासा किती पोहू शकेल याची मर्यादा घालतात. एवढं करून रोजची 'सर्वांत शक्य' जागा निघते. रेखांशाची चूक साधारण अर्धा ते एक अंश, अक्षांशाची त्याहून बरीच मोठी. टॅग लावल्याची जागा आणि तो वर आल्याची जागा या दोनच पक्क्या, मधली सगळी रेघ अंदाजाची.

प्र. पिवळ्या परांच्या कुप्याला २६ ते २९ अंशांचं पाणी 'आवडतं' असं वाचलं. माशाची आवड कशी मोजतात? — एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उ. 'आवडतं' या शब्दाशी आमचं भांडण आहे. टॅग सांगतो तो मासा कोणत्या पाण्यात होता एवढंच. तिथे का होता, हे टॅगला माहीत नाही.

नेहमीची पद्धत अशी: तापमानाचे कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात किती टक्के वेळ गेला ते मांडायचं, सर्वांत उंच खांब म्हणजे पसंती. समजा ६० टक्के वेळ २७ ते २८ अंशांच्या कप्प्यात गेला. आता विचारा, त्या भागात माशाच्या आवाक्यातल्या पाण्यापैकी किती पाणी या तापमानाचं होतं? तेही ६० टक्के असेल तर भागाकार १ येतो आणि पसंती शून्य. मासा जिथे पाणी होतं तिथे होता, बस्स. ते पाणी २५ टक्केच असेल तर ६० भागिले २५ म्हणजे २.४, आणि मग निवडीबद्दल बोलायला जागा आहे. छेदातला आकडा काढायला त्याच भागातला, त्याच महिन्यातला खोलीनुसार तापमानाचा आलेख लागतो. समुद्रात तरंगत राहून आपोआप बुडी मारणारे आर्गो फ्लोट तो देतात. (आर्गो वेगळं, वर आलेली आर्गोस यंत्रणा वेगळी, नावांची ही गल्लत छापील लेखांतही होते.) या छेदाशिवाय सांगितलेली पसंती आम्ही तरी मानत नाही.

दुसरा घोळ प्राणवायूचा. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत प्राणवायू अतिशय कमी असलेला जाड थर आहे. वरून खाली जाताना पाणी जिथे झपाट्याने गार होतं, तिथेच प्राणवायूही कोसळतो. आपल्या समुद्रातला कुपा वरच्या उबदार थरातच दिसला, तर तो गारव्याला भ्यायला की गुदमरायला? दोन्ही आलेख एकदमच खाली येतात, त्यामुळे नुसत्या तापमानाच्या नोंदीवरून हे सोडवता येत नाही. यासाठी खाली गार पण प्राणवायू भरपूर असलेल्या दुसऱ्या समुद्रातल्या त्याच जातीच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. हवाईजवळच्या अशा नोंदींतून पिवळ्या परांच्या कुप्याबद्दल एक उपयोगी गोष्ट कळली: तो ठरावीक तापमानाला चिकटून नसतो, तर पृष्ठभागापेक्षा ८ अंशांहून अधिक गार पाण्यात फार वेळ काढत नाही. वर २९ असेल तर २१ पर्यंत, वर २५ असेल तर १७ पर्यंत. कारण हृदय. या माशांचे स्नायू ऊब धरून ठेवतात, पण हृदयाला मिळणारं रक्त थेट कल्ल्यांतून येतं, म्हणजे पाण्याच्याच तापमानाचं. हृदय गारठलं की ठोके मंदावतात आणि सगळा कारभारच मंदावतो. हाच मासा क्वचित हजार मीटरच्या खाली बुडी मारून आल्याच्याही नोंदी आहेत. पण पेठेत चक्कर मारून येणं आणि तिथे बिऱ्हाड करणं यांत फरक असतो.

बिगआयची तऱ्हा निराळी. तो दिवसा ३०० ते ५०० मीटरवर गार पाण्यात चरतो आणि मधूनमधून थोडा वेळ वर येऊन ऊब घेतो. खोलीचा आलेख कंगव्यासारखा दिसतो. खाली जाताना अंग हळूहळू गार होतं, वर आल्यावर मात्र झपाट्याने तापतं. म्हणजे रक्ताची वाट बदलून तो उष्णतेचं दार उघडतो-लावतो. त्याच्या तापमानाच्या खांबांत दोन उंचवटे येतात, एक गार, एक उबदार. त्यांची सरासरी काढली तर मासा ज्या पाण्यात जवळपास थांबतच नाही, ते त्याचं 'आवडतं' ठरतं! सरासरी देऊन मोकळे होणाऱ्या तक्त्यांपासून सावध राहा.

ब्लूफिन कुपा याही पुढे. त्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या गार रक्ताच्या आणि तिथून परतणाऱ्या गरम रक्ताच्या केशवाहिन्या एकमेकींना चिकटून उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे ऊब आतल्या आत परतवली जाते. पाणी वीस अंशांनी बदललं तरी स्नायूंचं तापमान जेमतेम पाच-सहा अंशांनी हलतं. कॅरी आणि टील या संशोधकांनी हे १९६० च्या दशकात दाखवलं. बार्बरा ब्लॉक यांच्या गटाने २००१ मध्ये टॅगच्या नोंदींवरून तो सुमारे ३ ते ३० अंशांच्या पाण्यात वावरतो हे मांडलं. अशा माशाच्या पोटात टॅग बसवला तर तो दोन तापमानं नोंदवतो, पोटातलं आणि बाहेर आलेल्या बारीक देठाच्या टोकाचं. यातलं एक दुसऱ्याच्या जागी वाचलं की सगळं शास्त्र उलटं होतं, म्हणून नोंद उघडल्याबरोबर आधी बघायचं ते हे: पाण्यात बुडी मारताच जो आकडा लगेच पडतो तो बाहेरचा.

तुम्ही प्रकल्पासाठी टॅगचे कप्पे ठरवणार असाल तर एक गोष्ट. गोषवारा पाठवणाऱ्या टॅगला तापमानाचे १२-१४ कप्पे आधीच नेमून द्यावे लागतात, नंतर बदलता येत नाहीत. थंड समुद्रांसाठी केलेले ५-५ अंशांचे कप्पे अरबी समुद्रात वापरले तर २५ ते ३० या एकाच कप्प्यात जवळपास सगळा मासा मावतो आणि हाती काहीच लागत नाही. २४ च्या वर एकेक अंशाचे कप्पे, खाली २-३ अंशांचे, आणि दोन्ही टोकांना मोकळा कप्पा, असं ठेवा.

प्र. मासा मेला, कुणी खाल्ला की टॅगच निसटला, हे इतक्या लांबून कसं ओळखतात? — वाचक, पलूस

उ. खोली, तापमान आणि उजेड या तिन्हींच्या आलेखांवरून. मासा मेला तर खोलीची रेघ सरळ खाली जाते आणि तळाला टेकून आडवी होते. तळ फार खोल असेल तर दाबाने टॅग चिरडण्याआधीच, १,८०० मीटरच्या सुमारास, एक छोटी यांत्रिक कात्री दोरी कापते. टॅग नुसता निसटला तर खोली शून्यावर चिकटते. दोन्ही वेळा काही दिवस खोली बदलली नाही की टॅग स्वतःच ठरल्या तारखेआधी बोलायला लागतो.

टॅग गिळला गेला तर नोंद मजेशीर होते. भर दुपारी उजेड शून्य, खोली मात्र वरखाली होतेय, आणि तापमान खोलीबरोबर बदलायचं सोडून एका जागी थांबलंय: टॅग कुणाच्या तरी पोटात आहे. तापमान आजूबाजूच्या पाण्याहून बरंच वर असेल तर गिळणारा अंग उबदार ठेवणारा शार्क किंवा दात असलेला देवमासा. काही दिवसांनी उजेड परत येतो आणि टॅग वर तरंगतो.

सगळ्यांत जास्त त्रास देतं ते साधं शेवाळ आणि शिंपल्यांचं पुटं. उजेडाच्या सेन्सरवर पुटं चढलं की दिवस रोज थोडा थोडा आखूड दिसू लागतो आणि मासा उगाच सरकल्याचा भास होतो. फार चढलं तर टॅग तरंगतच नाही. म्हणून लावण्याआधी पुटं धरू न देणारा रंग देतात, उजेडाची खिडकी तेवढी सोडून.

प्र. तापोळ्याच्या बाजूला कोयनेच्या पाण्यावर कॉलेजच्या मुलांना असं काही करता येईल का? — प्राध्यापक, वाई

उ. माशाला हात न लावता अर्धं काम करता येईल, आणि ते अर्धंच आधी करायला हवं: खोलीनुसार तापमान. वर छेदाचा आकडा म्हटलं तो हाच.

डीएस १८बी२० हा स्टीलच्या टोपीतला तापमानाचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तीन तारा: लाल पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी डेटाला, लाल आणि पिवळीच्या मध्ये ४.७ किलोओहम. केबल ३० मीटर लांब केली तर आकडे अधूनमधून गळतात, रेझिस्टर २.२ किलोओहम करून पाहा, आणि लाल तार जोडायचीच. दोन तारांवर भागवण्याची पद्धत एवढ्या लांबीला चालत नाही. स्वस्त सेन्सरमध्ये केबल टोपीत शिरते तिथून पाणी आत जातं. आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी), वर इपॉक्सी, आणि पुरते २४ तास वाळवणं. पडद्यावर ८५ आला तर सेन्सरला वीज नीट पोचत नाही. −१२७ आला तर जोड तुटला. हे आकडे तापमान म्हणून सरासरीत मिसळलेले आम्ही विद्यार्थ्यांच्या अहवालांत पाहिले आहेत.

कारखान्याची हमी अर्ध्या अंशाची, ती आपल्याला पुरत नाही. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि जेमतेम भिजेल एवढं पाणी घ्या, ढवळा, सेन्सर दहा मिनिटं ठेवा. जो आकडा येईल तो शून्य समजून फरक लिहून ठेवा. दुसरा बिंदू कोमट पाण्यात ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशेजारी, ३७ च्या आसपास.

केबल दोरीला दर अर्ध्या मीटरला बांधा, खाली एक किलोचं वजन. दोरी पॉलिस्टरची, नायलॉनची भिजली की ताणते. दर मीटरला खूण, दर पाच मीटरला वेगळ्या रंगाची. प्रत्येक खोलीवर दोन मिनिटं थांबून मगच आकडा लिहा. उतरताना आणि चढताना दोन्हीकडे मोजा. दोन्ही आलेख जुळले नाहीत तर थांबणं कमी पडलं. वाऱ्याने होडी सरकली की दोरी तिरकी होते आणि खोली फुगून दिसते, म्हणून सकाळी लवकर जा. लाइफ जॅकेट सगळ्यांना, आणि धरणाच्या भिंतीकडे जायचं नाही. एप्रिल-मे महिन्यांत वरचा तापलेला थर, मग झपाट्याने घसरणारा पट्टा आणि खालचं स्थिर गार पाणी स्पष्ट वेगळं दिसतं. हिवाळ्यात हा फरक पुसट होतो.

माशाला टॅग लावायचा तर गोड्या पाण्यात मुभा अधिक आहे. कमी क्षारांच्या पाण्यात रेडिओ टॅगही थोड्या खोलीपर्यंत ऐकू येतो. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, १२ मिलिमीटरचा पिट टॅग बिनबॅटरीचा असतो आणि जन्मभर टिकतो, पण तो वाचायला मासा अँटेनापासून हातभर अंतरात यावा लागतो. ध्वनी टॅग काही शे मीटरवरून ऐकू येतो. उन्हाळ्यात गार-गरम थरांच्या सीमेवर आवाज वाकतो आणि हे अंतर एकदम घटतं, तेव्हा ऐकणारं यंत्र मासा असेल त्याच थरात टांगा. कोयनेचा बराच काठ अभयारण्यात येतो, त्यामुळे वन विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग या दोघांची लेखी परवानगी आधी. खडस महसीरवर प्रयोग करायचा विचार असेल तर टॅग लावायला अनुभवी हातच हवा.

प्र. टॅगचा माशाला त्रास होत नाही का? — वाचक, फलटण

उ. होतो. म्हणून नियम घालून घेतलेत. टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून कमी, हा सर्वमान्य अंदाज. पण मागे ओढल्या जाणाऱ्या टॅगचा खरा भार वजनाचा नसून पाण्याच्या विरोधाचा असतो, म्हणून पॉप-अप टॅग लहान कुप्याला लावतच नाहीत. मासा डेकवर आला की ओल्या फडक्याने डोळे झाकायचे, तोंडात समुद्राच्या पाण्याची नळी धरून कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायचं, दोन-तीन मिनिटांत परत सोडायचं. गळ गोल वळलेला वापरला तर तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस मासा बिथरलेला असतो. ते दिवस हिशेबातून वगळावेत. न वगळता काढलेली पसंती ही घाबरलेल्या माशाची असते.

प्र. मच्छीमारांना मिळणारा 'मासे कुठे मिळतील'चा अंदाज या टॅगवरून काढतात का? — वाचक, मिरज

उ. नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तो अंदाज उपग्रहाने मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांवरून काढते. गार आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडतं त्या रेषेवर प्लवक साचतं, त्यामागे तारली-बांगडा, त्यामागे कुपा-सुरमई. बंदरापासून दिशा, अंतर आणि खोली अशी माहिती मराठीतही मिळते. तापमान मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर ढगांपार पाहू शकत नाही, त्यामुळे आभाळ भरलं की अंदाजात भोकं पडतात. कुप्यांना पॉप-अप टॅग लावण्याचं काम इन्कॉइसने 'सॅटट्यूना' प्रकल्पात केलं आहे, पण त्याचा उपयोग कुपा किती खोल जातो हे समजून घ्यायला. रोजचा अंदाज त्यावर चालत नाही.

प्र. टॅग नसलेल्या माशाचं तापमान मागाहून कळतं का? — शाळकरी विद्यार्थी, विटा

उ. कळतं, त्याच्या कानातल्या खड्यावरून. घोळ किंवा ढोमा घरी आला तर डोक्याचा वरचा भाग डोळ्यांमागून आडवा कापायला मोठ्या माणसांना सांग. मेंदूच्या खाली दोन पांढरे कठीण खडे सापडतील. या माशांत ते चांगले मोठे असतात. जुन्या ब्रशने धू, वाळव, कागदी पाकिटात ठेव, वर माशाचं नाव, लांबी आणि तारीख लिही. फॉर्मलिन किंवा व्हिनेगरमध्ये टाकू नकोस, खडा चुन्याचा असल्याने विरघळतो. त्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण पाण्याच्या तापमानानुसार बदलतं, म्हणून प्रयोगशाळेत थराथराने खरवडून माशाने कोणत्या वयात किती गार पाणी पाहिलं ते वाचता येतं.

प्र. रत्नागिरीहून येणाऱ्या बर्फाच्या पेट्यांतल्या एखाद्या कुप्याला पिवळी नळी लावलेली दिसली तर काय करावं? — मासे विकणाऱ्या ताई, सांगली

उ. ताई, ती नळी कापून फेकू नका. हिंदी महासागरात २००५ ते २००९ या काळात दोन लाखांच्या आसपास कुप्यांना अशा साध्या नळ्या लावल्या. परत आलेल्या सगळ्या कुणा खलाशाच्या, हमालाच्या, मासे कापणाऱ्याच्या नजरेला पडल्या म्हणून आल्या.

नळी पाठीवरच्या दुसऱ्या पराजवळ असते, बोटभर लांब, वर आकडा आणि पत्ता छापलेला. मासा कापण्याआधी आकडा लिहून घ्या आणि फोटो काढा. मग लांबी: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, शेपटीच्या टोकापर्यंत नाही. मासा सपाट ठेवून पट्टी बाजूला धरायची. पोटावरून टेप फिरवला तर लांबी फुगते. वजन करताना पोट साफ केलेलं होतं की नव्हतं ते लिहा. पेटी कोणत्या बंदरातून, कोणत्या दिवशी भरली हे पाठवणाऱ्याला विचारा, आणि जमलं तर होडीने जाळं कुठे टाकलं होतं तेही. ही जागा आणि तारीख नसेल तर नळी असून नसल्यासारखी.

पोटातून बारीक देठ बाहेर आलेला दिसला तर आत यंत्र आहे. सुरी देठापासून दूर ठेवून पोट उघडा आणि देठासकट यंत्र अख्खं काढा. माइकसारखा पॉप-अप टॅग असेल तर गोड्या पाण्याने नुसता विसळून कापडात गुंडाळा. उन्हात ठेवू नका, उघडू नका, चार्जिंगला लावू नका. छापलेल्या पत्त्यावर कळवा; पत्ता झिजला असेल तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबईतलं केंद्र किंवा जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय पुढे पोचवू शकतं. वर शिंपले किंवा शेवाळ चढलं असेल तर खरवडू नका, त्यावरून टॅग किती दिवस तरंगत होता याचा अंदाज येतो.